बापूने आणलेली गारगोटी

आग्या मधमाश्या उठल्या तेव्हा मी तानसा नदीत गुडघाभर पाण्यात उभी होते, माझ्या मुठीत गारगोटी होती, आणि माझी धाकटी बहीण सुलू काठावरून गोधडी घेऊन माझ्याकडे येत होती. आधी आवाज आला – पिठाची गिरणी सुरू होताना येतो तसा, जमिनीतून आल्यासारखा – आणि मग अर्जुनाच्या उंच फांदीवर जे काळं पोतं लटकत होतं, जे आमच्यापैकी कोणीही दिवसभरात पाहिलं नव्हतं, ते सुटलं, पसरलं आणि खाली आलं. उन्हं उतरली होती. पाणी पितळेसारखं पिवळं झालं होतं आणि त्यावर धुराचा निळा पट्टा आडवा पडला होता... नारळाच्या सोडणांचा धूर, वर कडुनिंबाचा पाला घातलेला, आमच्या माहेरच्या अंगणाचा वास. तंबूची चेन अर्धी उघडी धरून सुलूची मुलगी वंदना आतून हाका मारत होती, "आई, आत ये. आई, तू आधी आत ये." सुलू तंबूच्या दाराशीच होती. वाकली असती तर आत गेली असती. ती नदीकडे वळली, गोधडी पाण्यात बुचकळली आणि ती जड झालेली गोधडी ओढत माझ्यापाशी आली.

"बाय, खाली बस," ती म्हणाली. मी थोरली म्हणून ती मला बाय म्हणायची.

मी मूठ उघडून दाखवली. "मला गावली," मी म्हणाले.

"बघितली. बस खाली."

तिच्या कपाळावर, भुवईच्या वर, माश्या चिकटल्या होत्या आणि तिने त्या झटकल्याही नव्हत्या. तिथवर मी परत येईन. आधी गारगोटीचं सांगते, कारण ती नसती तर आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या नदीवर गेलोच नसतो.

होळी नावाच्या गावात आमची वाडी होती. वसई गावाला लागून असलेल्या त्या होळीच्या वाड्या आज ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना मी काय सांगणार – केळीच्या ओळींमधून पाटाचं पाणी सरकताना मातीचा जो थंड, थोडा कुजका वास यायचा, पानवेलींच्या मांडवाखाली भर दुपारीही जो हिरवा काळोख असायचा, बावखलाच्या काठी म्हणजे आमच्या वाडीच्या तळ्याकाठी बैल रहाट ओढत फिरायचे त्या रहाटाची कुरकुर, आणि संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात बांधताना बोटांना चिकटून राहणारा चीक... हे सगळं माझ्या नाकात अजून आहे. तिथे डासही होते, पाणी असतं तिथे असतातच. म्हणून दिवेलागणीला घमेल्यात नारळाची सोडणं पेटवायची, ज्वाळा विझवून नुसता धूर ठेवायचा, वर कडुनिंबाचा पाला. हे काम सुलूचं. पाणी भरायचं, भांडी घासायची, बैलांना पेंड घालायची, ही माझी कामं. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. सुलू घमेल्यापाशी उकिडवी बसून गाल फुगवून फुंकर घालायची आणि आमचा बापू ओटीवरून म्हणायचा, "सुलूचा धूर बघा कसा सरळ वर जातो." धूर सरळ जातो तो वारा नसला की. मी हे तेव्हाही बोलले होते. कोणी ऐकलं नाही.

दर चैत्रात बापू बैलगाडीत केळी आणि विड्याची पानं भरून वज्रेश्वरीच्या जत्रेला जायचा. जत्रा झाली की येताना तानसेच्या पात्रात गाडी सोडायचा, बैल धुवायचा, तिथेच भाकरी खायचा. नदीच्या त्या पात्राबद्दल तो असं बोलायचा जसं दुसरे लोक मुंबईबद्दल बोलतात. मी चौथी झाले त्या वर्षी त्याने मला सांगितलं, "यंदा तू चल." माझी शाळा तिथेच संपणार होती, हे घरात ठरलेलं होतं, त्याच्या बदल्यात ही जत्रा असावी. मी किती तयारी केली... आईच्या जुन्या लुगड्याचा परकर शिवून घेतला, गाडीच्या चाकांना वंगण लावताना बापूच्या हाताखाली उभी राहिले, माझी भाकरी बांधायला वेगळं फडकं धुऊन वाळत घातलं. निघायच्या आदल्या दिवशी सुलूला गोवर आला.

आईला वाडी सोडता येत नव्हती. पाणी पाजायचे दिवस. "पोरीपाशी कोन बसेल?" आई म्हणाली, आणि मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा मी खोलीत बसून सुलूच्या अंगावरून कडुनिंबाची डहाळी फिरवत होते आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज केळीच्या आड लहान लहान होत गेला. वाळत घातलेलं ते फडकं मी नंतर भांडी पुसायला घेतलं.

बापू परतला तेव्हा त्याच्या अंगाला धुळीचा, बैलांच्या घामाचा आणि झेंडूच्या शिळ्या माळेचा वास होता. तो सरळ खोलीत आला, सुलूचं डोकं मांडीवर घेतलं आणि कनवटीतून एक दगड काढला. अंड्याएवढा, वरून खरखरीत, मातकट. एका बाजूने फुटलेला. त्याने तो भांड्यातल्या पाण्यात बुडवला आणि कंदिलासमोर धरला... आणि खोलीत मध सांडल्यासारखं झालं. आतमध्ये वळ्या होत्या, कापलेल्या कांद्याला असतात तशा, एकीत एक, काही मधाच्या रंगाच्या, काही दुधाच्या, आणि अगदी मध्ये साखरेचा खडा असावा तसं पांढरं. सुलूचे डोळे तापाने चिकटलेले होते तरी ती हसली.

"ही गारगोटी. सांजच्याला उन्हाकडं तोंड करून पात्रातून चालायचं," बापू तिला सांगत होता. "बाकीचे धोंडे काळे दिसतात. ही पेटलेली दिसते." मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला हे कोणी सांगितलं नाही. मी ऐकलं.

मला काकणं आणली होती. हिरवी, जत्रेतली. ती माझ्या हातात चढली नाहीत. आईने साबण लावून बघितला, माझं हाड दुखलं, एक काकण फुटलं. बापू म्हणाला, "माप चुकलं वाटतं," आणि मग, "असू दे, सुलूला होतील." झालीही. म्हणजे त्या जत्रेतून जे काही आमच्या घरात आलं ते सगळं तिच्याकडे गेलं, आणि मी घरी राहिले होते ती तिच्यासाठी.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय. एवढीशी असती तर मी विसरले असते. पुढे मला खाडीकाठच्या घरात दिलं, नायगावच्या बाजूला, जिथे एका अंगाला भाताची खाचरं आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. वाऱ्याला चिखलाचा आणि मिठाचा वास, हाताला भेगा, पिण्याचं पाणी डोक्यावरून आणायचं. सुलू सातवीपर्यंत शिकली. आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून तिच्या नवऱ्याला बापूने घरजावई करून घेतला. तिने मोगरा कधी सोडला नाही. मला मूलबाळ झालं नाही, एवढंच सांगते, त्यावर जास्त काही लिहायचं नाही. तिला वंदना झाली. बापू तिच्याच घरात, तिच्याच हातचं पाणी पिऊन गेला. आणि गारगोटी तिने देव्हाऱ्यात ठेवली, बाळकृष्णाशेजारी, चंदनाचं बोट लावून. मी माहेरी गेले की देवाला हात जोडायचे, आणि देवाला जोडले की तिलाही जोडले जायचे. कित्येक वर्षं मी सुलूच्या गारगोटीला नमस्कार केला.

मग वंदनाचं लग्न झालं, त्यानंतर काही वर्षांनी या सहलीचं निघालं. आम्ही दोघी तोवर विधवा झालो होतो आणि आमच्या चहूबाजूंनी इमारती उठायला लागल्या होत्या. वंदनाचा नवरा उदय नगरकडचा, मुंबईत नोकरी, नायगावला स्टेशनजवळ दोन खोल्यांची जागा घेतलेली. भला माणूस, पण दगडवेडा. त्याच्या गॅलरीत कुंड्या नव्हत्या; प्लास्टिकच्या टबात पाणी आणि पाण्यात दगड. "कोरडा दगड खोटं बोलतो, मावशी," तो मला सांगायचा, आणि रस्त्यात उचललेला खडा चाटून बघायचा. वंदना म्हणायची, "भाजीला मीठ कमी पडलं तर तुम्हाला कळत नाही, दगडाची चव बरी कळते."

एका रविवारी सुलूने फडक्यात गुंडाळून बापूची गारगोटी तिथे नेली. मीही होते. उदयने ती पाण्यात बुडवून ट्यूबलाइटसमोर धरली आणि फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाला, "आई, हा अकीक आहे. उत्तम आहे. आमच्या शेतात गारगोट्या पायाला लागतात, पण अशी मला एकही मिळालेली नाही. कुठली?"

"तानसेची," सुलू म्हणाली. "आमच्या बापूने आनलेली. माझ्यासाठी."

ते 'माझ्यासाठी' तिने म्हटलं नसतं तरी चाललं असतं.

तिथेच ठरलं. थंडी संपायच्या आत सगळ्यांनी जायचं, नदीकाठी तंबू ठोकायचा, एक रात्र राहायचं, गारगोट्या शोधायच्या. उदयच्या ऑफिसात डोंगर चढणारा एक जण होता, त्याचा तंबू मागून आणला. वंदनाची मुलगी मिनू तेव्हा आठ वर्षांची. तिला छोटी हातोडी मिळाली आणि ती हातोडी घेऊनच झोपायला लागली. पुढचे काही रविवार त्या घरात दुसरा विषय नव्हता – पाणी किती न्यायचं, स्टोव्ह न्यायचा की चूल मांडायची, जीप भाड्याने कोणाची, झोपायला काय. आणि कोण कोण जाणार याची उजळणी चालली होती तेव्हा सुलूने, डाळ निवडता निवडता, वर न बघता सांगून टाकलं, "बाय घरीच राहील. तिला ऊन सोसत नाही."

"माझं ऊन मी बघीन," मी म्हणाले. "एका चैत्रात घरी राहिले, तेवढं पुरे झालं."

"कुठल्या चैत्रात?" सुलूने विचारलं.

तिला आठवतच नव्हतं. मी ज्याच्यावर चाळीस-पन्नास वर्षं काढली ते तिला ठाऊकच नव्हतं. मला त्या क्षणी तिच्या ताटातली डाळ उधळून द्यावीशी वाटली. मी चहाचे कप विसळायला गेले.

उदयने समजावून बघितलं. "मावशी, पात्रात गोटे असतात, शेवाळ असतं. तुमचे गुडघे..."

"उदयराव, मिठागरात उभी राहिलेली बाई आहे मी. गोट्यांचं काय सांगता?"

तंबू लावून बघायला आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखाली तंबू पसरला, उदय कागद बघून काठ्या जोडत होता, आणि समुद्रावरून वारा आला तसा तो तंबू पोटात हवा भरून उठला आणि वाळूवरून चालायला लागला. उदय एका दोरीला, वंदना दुसऱ्या दोरीला, मिनू मागे पळतेय. जाळं विणत बसलेला तिथला एक म्हातारा ओरडला, "काय हो, सर्कस लावता काय? हत्ती कंचा?" सुलू पोट धरून हसली. ती अशी हसली की सगळे तिच्याकडे बघून हसायचे. शेवटी तंबूवर बसून तो थांबवला तो मी, पण नंतर ही गोष्ट सांगताना सगळे सुलूचं हसणं सांगायचे. तंबूवर कोण बसलं ते कोणी सांगत नसे.

खाण्याचंही तसंच. मी सुक्या जवळ्याची चटणी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सुलूने सुकेळी आणली – राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सोपटात बांधलेली, मधासारखी काळसर गोड. जीपने वसई सोडायच्या आधीच मिनूने पुडी सोडली, आणि चटणीचा डबा संध्याकाळपर्यंत कोणी उघडला नाही. मी हे मोजत होते. मी सगळंच मोजायची, मला सवय होती.

आणि डासांचं. उदयने मलमाची ट्यूब घेतली होती. सुलूने ती हुंगून बाजूला ठेवली. "ह्याने काय होतंय? मी सोडनं घेते गोनीभर. बापूच्या अंगनात डास टिकला नाही कधी." जीपमध्ये जागा नव्हती, तरी ती गोणी आली, घमेलंही आलं. तिने ती पायांत धरून ठेवली होती. माझे पाय मी वर घेऊन बसले.

नदी मी पहिल्यांदा बघितली ती उतारवयात. वज्रेश्वरीच्या पुढे रस्ता सोडून जीप बांधापाशी थांबली आणि आम्ही खाली उतरलो. थंडीतली नदी, मधूनमधून पाणी, बाकी सगळा गोट्यांचा पसारा – काळे, तांबूस, पांढरे, हत्तीच्या पाठीसारखे गुळगुळीत धोंडे, त्यांच्या फटींत वाळू, आणि ओल्या वाळूचा तो स्वच्छ, लोखंडासारखा वास. बापू इथेच बैल धुवायचा, माझ्या मनात आलं. मला रडू वगैरे आलं नाही. मला घाई झाली.

काठावर सावली बघून उदयने मोठ्या अर्जुनाखाली तंबू लावला. वर कोणी बघितलं नाही. ज्याला गारगोटी शोधायची तो खालीच बघतो. आम्ही सगळे दिवसभर मान खाली घालून फिरलो. मिनूला एक सापडली, लहान, सुपारीएवढी. तिने ती मलाच आधी दाखवली, हेही सांगून ठेवते. उदयला पाच-सहा सापडल्या. मला दुपारपर्यंत काही नाही.

दुपारी सुलू माझ्याशेजारी येऊन पाण्यात पाय सोडून बसली. "बाय," ती म्हणाली, "तो चैत्र म्हनजे माझ्या गोवराचा ना? मी लय आठवत बसले. तुला न्यायचं होतं बापूने."

मी पायाजवळचा एक धोंडा पालथा केला.

"मग माझी घेऊन टाक ना. देव्हाऱ्यात नुसती पडून असते. मला काय करायची?"

सगळ्या आयुष्यात तिने मला जितका राग आणला असेल तितका त्या एका वाक्याने आणला. मी जिच्यासाठी जळत राहिले ती तिला नकोच होती, एवढी सहज की पाण्यात पाय हलवता हलवता देऊन टाकावी. "मला तुझी नको," मी म्हणाले. "मला माझी गावेल."

"गावेल तर," ती म्हणाली. "सांजच्याला उन्हाकडं तोंड करून चाल."

"मला ठाऊक आहे."

"तुला कधी सांगितलं बापूने?"

"मी ऐकलं होतं. दारातून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, ते भुईगावला हसली तसं नाही, बारीक. आणि उठून काठावर गेली.

उन्हं कलली तेव्हा मी एकटीच पात्रातून पश्चिमेकडे चालत निघाले. डोळ्यांत ऊन घुसत होतं, पाण्याची धार पिवळी झाली होती, आणि बापूने सांगितलं तसंच झालं – सगळे धोंडे काळे पडले, एकेक करून, जसं कोणी दिवे मालवत जावं. मागून सोडणांचा धूर आला. सुलूने घमेलं पेटवलं होतं, मला न बघताही कळलं, गाल फुगवून उकिडवी बसली असेल. आमच्याकडे नारळीच्या झाडांत कोणी धूर करायला भीत नाही, वर नारळ असतात. अर्जुनावर काय असतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आणि त्या धुराच्या वासात, गुडघाभर पाण्याच्या पलीकडे, दोन गोट्यांच्या बेचक्यात काहीतरी पेटलं. निखाऱ्यासारखं. मी पाण्यात उतरले, वाकले, उचललं. माझ्या मुठीत जेमतेम मावेल एवढी. उन्हासमोर धरली आणि आत वळ्या दिसल्या.

तेव्हा तो आवाज आला.

सुलूने ओली गोधडी माझ्या डोक्यावर टाकली, दोन्ही खांदे दाबून मला पाण्यात बसवलं आणि गोधडीच्या कडा माझ्याभोवती खोचल्या, लहान मुलाला झोपवताना खोचतात तशा. मला वाटलं ती आत येणार. ती गोधडी मोठी होती, दोघी मावलो असतो. मी कड उचलून धरली. ती म्हणाली, "डोकं आत घाल, तुला काय बघायचंय तिथं. मी तेवढं इझवून येते."

मी बघितलं. ती काठावर गेली, कळशी उचलली आणि घमेल्यावर पाणी ओतलं. ओल्या सोडणाचा धूर दुपटीने होतो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, जन्मभर तेच केलं होतं तिने. पण आग आपली आहे, आपण लावली, तर विझवायचीही आपण, एवढंच तिच्या डोक्यात असणार. पांढरा धूर उठला, थेट वर गेला, अर्जुनाच्या फांदीपर्यंत. तिचं लुगडं काळं दिसायला लागलं. मग मी डोकं आत घातलं. गोधडीत अंधार होता, नदीचा आणि जुन्या कापसाचा वास होता, आणि वरून माश्या आपटल्याचा आवाज, पाऊस पडावा तसा... मूठ मी उघडली नाही.

उदय आणि मिनू वंदनाबरोबर तंबूत होते. गावातली माणसं घोंगड्या घेऊन आली तोवर अंधारलं होतं. जीपमध्ये सुलूचं डोकं वंदनाच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. तिने एकदाच विचारलं, "धूर इझला?" वंदना म्हणाली, "विझला, आई." वसई यायच्या आत ती गेली.

तेराव्याला जो आला तो म्हणाला, सुलूने बहिणीला वाचवलं. किती मोठं मन. मी ऐकत बसले. खरं होतं, म्हणून काही बोलता येत नव्हतं. पण मला एवढं म्हणावंसं वाटत होतं की तिथेही तीच पुढे गेली, आणि मी पुन्हा घरी राहिले.

वंदनाने ती देव्हाऱ्यातली गारगोटी माझ्यापुढे ठेवली. "मावशी, आईची. तू ठेव." मी म्हणाले, मिनूला दे. मिनूने घेतली. पण त्याआधी, सगळे गेल्यावर, मी एक काम केलं. परातीत पाणी घेतलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, तिची आणि माझी. खिडकीतून ऊन येत होतं. माझी दुप्पट मोठी आहे. पण वळ्या मध्येच तुटलेल्या आहेत, रंग गढूळ आहे, आतमध्ये ते साखरेसारखं पांढरं नाही. तिचीच चांगली आहे. बापूने निवडून आणली होती.

आज होळीच्या वाडीत इमारत आहे, बावखल बुजवलं, सोडणं पेटवायला अंगण नाही, आणि डासांसाठी भिंतीला लावायची बाटली मिळते. मिनू मोठी झाली, तिच्याकडे सुलूची गारगोटी टीव्हीशेजारी असते. माझी माझ्याकडे, उशाला. मी तिला चंदन लावत नाही. कधी पाण्यात बुडवून बघते, की वळ्या काही बदलल्या का. बदलत नाहीत.

त्या संध्याकाळी नदीवर जे होते त्यांतला उदय वाचला. वंदना वाचली. मिनू वाचली. मी वाचले.